सोबतीचा हिशेब

शिडाच्या लहान नौकेतून दक्षिण समुद्रातली बेटे हिंडणाऱ्या माणसांचे वृत्तान्त वाचण्याचा मला नाद आहे. माझा स्वतःचा समुद्राशी संबंध धक्क्यावर उभे राहून तो पाहण्यापलीकडे फारसा गेला नाही. त्यामुळे या लोकांविषयी मला आदर वाटतो आणि थोडा मत्सरही वाटतो. वारा, प्रवाळ, नारळीची बने आणि बंदरावरचे अंमलदार यांच्याबरोबर या वृत्तान्तांत आणखी एक पात्र वारंवार भेटते. ते म्हणजे नौकेवरचे कुत्रे. मालक त्याच्याविषयी भरभरून लिहितो. त्याची निष्ठा, त्याचे शहाणपण, रात्रीच्या पहाऱ्याला सुकाणूपाशी बसून त्याने दिलेली सोबत. हे सारे खरेच असणार. पण वाचता वाचता एक प्रश्न माझ्या मनात येऊन बसला आहे, आणि तो जाता जात नाही. कुत्र्याला समुद्रावर नेण्याचा आपल्याला अधिकार काय?

माणसांचेच प्रश्न सुटत नसताना ही कुत्र्याची चिंता कसली, असे कोणी म्हणेल. परंतु नीतीतले काही प्रश्न लहान जागेतच स्वच्छ दिसतात, आणि पस्तीस-चाळीस फुटांच्या नौकेहून लहान जागा ती कोणती?

मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून किंवा गालापागोस बेटांवरून मार्केसास बेटांपर्यंतचा पल्ला सुमारे ३,००० सागरी मैलांचा. लहान नौकेला त्याला तीन-चार आठवडे लागतात. कुत्र्याला जग कळते ते नाकाने, आणि नाकाला वाचण्यासारखे सारे काही जमिनीवर असते. येथे मात्र आठवडेच्या आठवडे जमीन नाही. देहधर्मासाठी नौकेच्या नाळेपाशी एक चटई अंथरलेली असते. शिस्तीत वाढलेले जनावर पहिल्यांदा तिच्याकडे पाहतसुद्धा नाही, तासन्‌तास अवघडून बसते. कठड्याला जाळे बांधतात. त्याच्या अंगावर तरंगते जाकीट चढवतात, आणि पडलेच तर वर ओढून घेता यावे म्हणून त्या जाकिटाला पाठीवर मूठ असते. अंधारात, लाटांच्या गर्जनेत पडले तर त्या मुठीचा काही उपयोग नाही.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. शहरातले कुत्रे सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत बंद दाराकडे डोळे लावून पडलेले असते. नौकेवरच्या कुत्र्याचा धनी त्याला सोडून कोठेच जात नाही. डेकवर येऊन पडणारे उडते मासे आहेत, भुंकायला डॉल्फिन आहेत. कळपात राहण्यासाठी घडलेल्या प्राण्याला कळपाची अशी अखंड संगत मिळणे हे सुख थोडे नाही. तेव्हा ते दुःखीच असते असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

हा सहवास तसा पुरातन आहे. पॉलिनेशियन दर्यावर्दी आपल्या जोडनावांतून डुक्कर, कोंबडी आणि कुत्रे घेऊन प्रशांत महासागर ओलांडीत गेले. त्यांच्याकडे कुत्रे हा सोबती होता आणि अन्नही होते. १७६९ साली ताहितीत कॅप्टन कुकने ते मांस खाल्ले आणि इंग्लंडच्या कोकरापेक्षा ते फारसे उणे नसल्याची नोंद केली. पण त्याच्या दुसऱ्या सफरीत, १७७४ च्या आरंभी, प्रकरण निराळे झाले. कुक पोटाच्या विकाराने अंथरुणाला खिळला. जहाजावर ताजे मांस उरले नव्हते. तेव्हा निसर्गशास्त्रज्ञ फोर्स्टर यांचे आवडते कुत्रे मारून त्याचे कालवण कुकला देण्यात आले, आणि तो सावरला. मी त्या निर्णयाला दोष देत नाही. शेकडो मैलांत जमीन नव्हती आणि शंभराहून अधिक माणसांचा भार त्या एका माणसावर होता. मला एवढेच दिसते, की त्या कुत्र्याला पळून जायला जागा नव्हती. जहाजावर आणले गेले त्या दिवशीच त्याच्या आवडतेपणाची किंमत ठरविण्याचा हक्क दुसऱ्यांकडे गेला होता.

आता कुत्र्याला कोणी शिजवीत नाही. आता त्याची गाठ बेटांच्या कायद्याशी पडते. परक्या बंदरात शिरताना नौका पिवळे निशाण चढवते, आणि परवानगी मिळेपर्यंत कोणी उतरायचे नसते. माणसांना ती लवकर मिळते. कुत्र्याला रेबीजची लस, रक्ताची तपासणी, महिनोन्‌महिने आधीचे कागद, आणि पुष्कळदा एवढे करूनही विलगीकरण. हवाई बेटांवर हा निर्बंध १९१२ पासून आहे. न्यूझीलंडसारख्या देशात परवाना नसलेले कुत्रे नौकेवरच डांबून ठेवावे लागते. किनारा समोर, ओल्या मातीचा वास वाऱ्यावर येतो आहे, आणि ते जाळ्याला नाक लावून उभे.

हा कायदा निर्दय आहे असे पुष्कळ नौकावाले म्हणतात. मला तसे वाटत नाही. कुत्रे चावून दगावणाऱ्या माणसांत जगात सर्वांत मोठा वाटा ज्या देशाचा आहे त्या देशात राहून, रेबीज आपल्या दाराबाहेर ठेवू पाहणाऱ्या बेटाला मी हसू शकत नाही. १९८७ साली न्यूझीलंडमधील वाइटांगीच्या जंगलात एकट्या मोकाट कुत्रीने थोड्या आठवड्यांत सुमारे ५०० किवी पक्षी मारले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या पक्ष्यांना उडता येत नाही. कुत्र्याची निरागसता खरी, पण पक्ष्यांची निरागसताही तितकीच खरी.

येथे आपल्याकडच्या कोणालाही युधिष्ठिर आठवेल. स्वर्गाच्या दाराशी इंद्र म्हणाला, कुत्र्याला येथे जागा नाही. धर्मराज म्हणाला, मग मलाही नको. किनाऱ्यावर पाऊल न ठेवता कुत्र्यासाठी नौकेवरच थांबणारा, किंवा तो देशच टाळून पुढे जाणारा खलाशी हा त्याच कुळातला. पण एक फरक आपण सहसा ध्यानात घेत नाही. युधिष्ठिराने ते कुत्रे आणले नव्हते. ते पायांनी चालत मागे आले होते, आणि वाटेत कोणत्याही वळणावर मागे फिरायला मोकळे होते. म्हणून त्याचे येणे ही भक्ती ठरते. नौकेवरच्या कुत्र्याला वळण नाही. ते राहते, कारण चहूकडे पाणी आहे. त्या राहण्याला आपण निष्ठा म्हणतो, तेव्हा आपलेच ऋण आपण त्याच्या नावावर पुण्य म्हणून जमा करीत असतो.

२०२३ सालची एक हकीकत या विचाराला कसोटीला लावते. एक ऑस्ट्रेलियन खलाशी मेक्सिकोहून फ्रेंच पॉलिनेशियाकडे निघाला. बरोबर एक कुत्री होती. ती त्याला मेक्सिकोतच भेटलेली. जमिनीवर तिला घर पाहून द्यावे म्हणून त्याने खटपट केली, पण ती पुनःपुन्हा त्याच्या मागे पाण्याकडे येत राहिली, असे त्याने सांगितले. वादळाने नौका निकामी झाली. कच्चे मासे आणि पावसाचे पाणी यांवर दोघांनी कित्येक आठवडे काढले. जुलै महिन्यात ट्यूना पकडणाऱ्या एका मेक्सिकन जहाजाने त्यांना वाचवले. बंदरात उतरल्यावर त्याने ती कुत्री त्या जहाजावरच्या एका खलाशाच्या हाती सोपवली, तिची नीट काळजी घेण्याच्या अटीवर.

काहींना हा त्याग वाटला, काहींना विश्वासघात. कुत्री तर आपण होऊन आली होती, असे कोणी म्हणेल. होय, पण तिने माणूस निवडला होता; समुद्राविषयी तिला काय ठाऊक होते? त्या माणसाच्या मनातले मला कळत नाही. तरी मला वाटते, ज्याने तिला जमिनीपासून तोडले त्याने तिला जमीन परत केली, आणि स्वतःच्या एकटेपणाची किंमत त्यात मोजली. युधिष्ठिराने सोबत न सोडून जे केले, ते येथे सोबत सोडून झाले असेल.

हा हिशेब कुत्र्यापाशी थांबत नाही. परदेशात स्थिरावलेला मुलगा आईवडिलांना आपल्याकडे नेतो. घर उबदार असते, माया खरी असते. पण त्यांना मोटार चालवता येत नाही, भाषा येत नाही, आणि कोपऱ्यावर गप्पांना वाण्याचे दुकान नसते. ते कुरकुर करीत नाहीत. मग आपण म्हणतो, रमले. ते रमले की त्यांच्या चहूकडे पाणी आहे, हे विचारायला धैर्य लागते.

मग कुत्र्याला नेऊच नये काय? इतका कठोर निकाल मी देणार नाही. ज्याला न्यायचे त्याने न्यावे. परंतु मार्ग आखताना त्याला उतरता येईल अशी बेटे आधी पाहावीत. आणि जेथे मुभा आहे, गावची कुत्री वाळूवर आधीच लोळत आहेत, तेथे नांगर पडताच पहिली फेरी त्याची असावी. त्याला किनाऱ्यावर मनसोक्त हिंडू द्यावे. मग होडीपाशी येऊन, हाक न मारता, थोडे थांबावे. ते आपण होऊन आले आणि होडीत चढले, तर त्या एका उडीला निष्ठा म्हणायला माझी हरकत नाही.