नकुलमातेचे वचन आणि आमच्या आजोबांचे पुण्यानुमोदन



आमच्या वस्तीतील एका कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली. गेल्या पावसाळ्यात त्या घरातील कर्ता पुरुष गेला. बौद्धाचार्यांनी अंत्यविधी केला, त्रिसरण-पंचशील झाले, सर्व काही रीतसर पार पडले. दहाव्या दिवशी पहाटे शेजारच्या एका मुलाला त्यांच्या टिनाच्या छपरावर भाताचा द्रोण दिसला. त्या माउलीने अंधारातच तो तेथे ठेवला होता. तरुण मंडळी संतापली. प्रतिज्ञा मोडली, जुने संस्कार गेले नाहीत, असे बोलणे सुरू झाले. ती बाई एवढेच म्हणाली, "मला पिंड नाही द्यायचा. पण त्यांचा जीव कशात अडकला असेल तर मला कोण सांगणार?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. ती आपल्याला मान्य आहे. परंतु पिंड बंद केला म्हणून पिंडामागची काळजी आपोआप बंद होते काय? प्रथम ती काळजी कोणती, हे पाहू.

दशक्रियेच्या घाटावर काय चालते ते नवदीक्षित बांधवांनी स्वतः पाहिलेले आहे. पिंड मांडतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही की मंडळी कासावीस होतात. मग भाऊ पुढे येऊन म्हणतो, "दादा, तुझ्या पोरीचे लग्न मी करून देईन." मुलगा म्हणतो, "बाबा, कर्ज मी फेडीन." कावळा शिवला की सर्वांना सुटल्यासारखे वाटते. काही केल्या शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. म्हणजे गवताच्या कावळ्याचेही भागते! पण त्या घाटावर एक खरी गोष्ट घडत असते, ती म्हणजे वचन. नातलग पुढे येतात आणि मेलेल्या माणसाची काळजी आपल्या अंगावर घेतात. माझे म्हणणे इतकेच की हे वचन चुकीच्या वेळी आणि चुकीच्या माणसापुढे दिले जाते. ज्याला ते ऐकायचे होते तो दहा दिवसांपूर्वीच गेला.

भगवंतांच्या काळी भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे नकुलपिता आणि नकुलमाता हे वृद्ध उपासक दांपत्य राहत असे. अंगुत्तर निकायात त्यांची कथा आहे. नकुलपिता फार आजारी पडला, जगेल असे वाटेना. त्याच्या मनात काय घोळते आहे हे नकुलमातेने ओळखले. ती त्याच्याजवळ बसून म्हणाली की, काळजी मनात ठेवून मरू नका, तसे मरण दुःखाचे असते. माझ्यामागे हिला मुलांचे पोट भरता येईल काय, घर सांभाळता येईल काय, असे तुम्हाला वाटत असेल, तर मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते; मी मुलांना वाढवीन. ही दुसऱ्या घरी जाईल असे वाटत असेल, तर आपण सोळा वर्षे कसे राहिलो हे तुम्ही आणि मी दोघेही जाणतो. माझे भगवंतांच्या दर्शनाला जाणे थांबणार नाही, उलट वाढेल. माझे शील ढळणार नाही. (यावरून विधवेने पुनर्विवाह करू नये असा अर्थ कोणी काढू नये. ते त्या दोघांमधले बोलणे होते.) हे ऐकून नकुलपित्याचे दुखणे ओसरले. बरा झाल्यावर तो काठी टेकत भगवंतांकडे गेला, तेव्हा भगवंतांनी त्याला सांगितले की, अशी उपदेश करणारी पत्नी मिळाली हा तुझा मोठा लाभ आहे.

वचनाने आजार बरा होतोच असे मी म्हणत नाही. आमचे आजोबा बरे झाले नाहीत. पण त्यांच्या खाटेजवळ मी हीच कथा डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून त्यांच्याविषयी सांगतो.

आजोबांचा जन्म 1938 सालचा, गाव हिंगणघाटच्या बाजूचे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी ते अठरा वर्षांचे होते. अंगावरचे एकुलते एक धोतर धुऊन पांढरे करून ते नागपूरला गेले, काही वाट पायी, काही बैलगाडीने. परत आल्यावर देवघरातले टाक त्यांनी नदीत सोडले. आजी तेव्हा नुकतीच सासरी आली होती. ती भीतीने दोन दिवस जेवली नाही. पुढे हंगामात जिनमध्ये रुईच्या गाठी उचलायच्या आणि इतर वेळी मिळेल ती मजुरी करायची, असे त्यांचे आयुष्य गेले. त्यांना सहीपुरतेच लिहिता येत होते. मी पदवीधर झालो त्या दिवशी गुणपत्रिका त्यांनी उलटी धरली होती, पण बराच वेळ धरली होती.

ते देवमाणूस होते असे मी म्हणणार नाही. मुळात हा शब्दच आपल्या घरातून गेलेला बरा. दीक्षा घेतल्यावरही अकरा वर्षे ते मोहाची दारू पीत होते. 1967 साली माझे वडील पहिलीत गेले आणि पाटीचे पैसे दारूत गेले. पोर रिकाम्या हाताने शाळेत गेले आणि रडत परत आले. पुढच्या आठवड्यात आजोबांनी पाटी आणली, आणि नंतर मरेपर्यंत थेंब घेतला नाही. पुण्यानुमोदनाच्या सभेत ही गोष्ट सांगू नये असे काकांचे मत होते. आजी म्हणाली, सांगा. नवदीक्षित घरांनी ती ऐकावी असे मलाही वाटते, कारण पाचवे शील एका दिवसात अंगी येत नाही म्हणून अनेक जण मनातून खचतात.

2022 साली ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवसांत त्यांनी अन्न सोडले. आम्ही रोज सायंकाळी खाटेजवळ वंदना म्हणत होतो. ते ऐकत, पण डोळे दाराकडे. दारात आत्या बसलेली असे. ती नवऱ्याने टाकलेली, वीस वर्षांपासून माहेरी. घर आजोबांच्या नावावर, आणि वारस मुलगेच असे सगळे धरून चाललेले. पुढे तिचे काय, हे कोणी बोलत नव्हते. नकुलमातेची कथा मी शाळेच्या ग्रंथालयात बसून वाचलेली होती. ती माझ्या तोंडातून निघाली नाही, कारण घराच्या वाटणीचा विषय मरणाऱ्या माणसापुढे कसा काढायचा, ही आमची सुशिक्षितांची सभ्यता! आजीला अक्षर येत नाही. तिने एका रात्री त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "मांगची खोली पोरीच्या नावानं करून देतो मी. कोनाच्या दारात नाई जाऊ देत तिले. तुमी घोर नोका करू." आजोबांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्या तीन दिवसांत त्यांनी दाराकडे पाहिले नाही.

जलदान विधीच्या दिवशी मंडळी जमली. जलदान विधी म्हणजे तेरवीचे नवे नाव नव्हे. पण कित्येक घरी तेराव्याच दिवसाचा हट्ट आणि कर्ज काढून पंगती चालतात, त्याला काय म्हणावे? आमच्याकडे परित्राणपाठ झाला आणि खिचडी झाली. मग आजीने सर्वांसमोर माझ्या वडिलांना आणि काकांना विचारले, "खोलीचं काय करता?" काकांचा चेहरा उतरला. वर्षभर घरात बोलाचाली झाली, एका दिवाळीच्या सुट्टीत ते आलेही नाहीत. तरी ग्रामपंचायतीत नमुना 8 वर त्या खोलीपुढे आत्याचे नाव चढले.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 रोजी झाले. त्याच महिन्यात मुंबईत धम्मदीक्षेचा समारंभ व्हायचा होता, तो त्यांच्या हयातीत राहून गेला. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी चितेजवळच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारो लोकांनी दीक्षा घेतली. राहिलेले काम त्यांनी तेथेच, रडत रडत हाती घेतले. तेथे कावळ्याची वाट कोणी पाहिली नाही.

द्रोणाची गोष्ट कळल्यावर मी आणि आजी त्या माउलीकडे गेलो. आजीने तिला बोल लावला नाही. तिने विचारले, "त्याले घोर कायचा होता?" बाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा. फी भरायला जमेल की नाही, असे ते रात्री उठून बोलत. "मी त्यांना झोपा म्हणायची. होईल, एवढं म्हणायला पाहिजे होतं."

मोठा मुलगा आणि दीर दोघेही ओट्यावरच होते. आजीने त्यांना आत बोलावले. मी मुलीच्या वहीचा कोरा कागद घेतला आणि फीचा आकडा विचारला.