कायमची परवानगी

मराठी मध्यमवर्गीय घरात वस्तू मरत नाही, तिची बदली होते. नऊवारी साडीची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं आणि पायपुसणं अखेरीस स्कूटर पुसण्याच्या खात्यात रुजू होतं. श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड एकदाच राहतं; पुढची वीस वर्षं त्यात मोहरी नांदते. अशा परंपरेत वाढलेल्या माणसाला कुणी सांगितलं, की बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढून तिला बाहेरून जोडायची डिस्क करता येते, तर त्याचे हात शिवशिवणारच. त्या फुकटच्या जागेत ठेवायला आपल्याकडे काही आहे का, हा प्रश्न त्याला पडत नाही. रिकाम्या डब्याकडे बघून मोहरी आठवते, त्यातलाच प्रकार.

आमच्या मामांचा कॉम्प्युटर २००६ सालचा. मामा जाऊन तीन वर्षं झाली, आणि त्यांच्या मागोमाग कॉम्प्युटरनंही मान टाकली. मामींनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "अरे, भंगारवाला चारशे देतोय. पण आत मुंजीचे फोटो आहेत असं हे नेहमी म्हणायचे. तेवढे काढून दे, मग ने म्हणावं त्याला."

डिस्क काढणं हे काम मटार सोलण्याइतकंच अवघड आहे. चार स्क्रू आणि दोन वायरी. हातात येते ती लोखंडी विटेसारखी जड, ऐंशी जीबीची पेटी. तिला घालायला आता नवी डबी हवी. ती घ्यायला तापकीर गल्लीत गेलो, तर दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "अडीच की साडेतीन?" पुण्यात दुपारचे अडीच काय नि साडेतीन काय, दोन्ही वेळांना दुकान बंदच असायचं, अशी आमची जुनी समजूत. पण हे इंच होते. लॅपटॉपमधली डिस्क अडीच इंची. ती स्वभावानं अल्पसंतुष्ट. यूएसबीच्या वायरीतून मिळणाऱ्या पाच व्होल्टवर भागवते. टेबलावरच्या कॉम्प्युटरमधली साडेतीन इंची. तिला बारा व्होल्टही लागतात, म्हणून तिच्याबरोबर वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. लग्नात नवऱ्याबरोबर करवलीचाही मान ठेवावा लागतो, तसं. शिवाय डिस्क साटा जातीची की त्याआधीच्या आयडीई जातीची, तेही बघावं लागतं. पत्रिका जुळल्याशिवाय इथंही पुढं जाता येत नाही.

पत्रिका जुळली. डिस्क डबीत बसली, वायर माझ्या कॉम्प्युटरला लागली आणि आतून घूंऽऽ असा आवाज आला. देह टाकून दिला, आत्मा दुसऱ्या देहात गेला. गीतेत जुनी वस्त्रं टाकून नवी धारण करण्याचा जो दृष्टांत आहे, तो यूएसबीच्या वायरीवर इतका चपखल बसेल असं वाटलं नव्हतं.

या पेटीचं मूळ घराणं मोठं आहे. आयबीएम कंपनीनं १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि वजन टनाच्या घरात होतं. एवढा पसारा मांडून त्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. आज नातवाचा मोबाइलवर काढलेला एक फोटो तेवढी जागा सहज खातो, आणि त्या फोटोत बऱ्याचदा नातवाचा फक्त कान आलेला असतो. मामांच्या डिस्कमधली तबकडी मिनिटाला सात हजार दोनशे वेळा फिरते आणि तिच्यावरची अक्षरं वाचणारं डोकं तिला न टेकता, हवेच्या थरावर तरंगत असतं. तो थर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी पातळ. इतक्या जवळ जाऊन न टेकणं हे संसारात किती जणांना जमतं?

आता खरी गोष्ट सुरू होते. मामांच्या नावाचं फोल्डर दिसलं. ते उघडायला गेलो तर कॉम्प्युटरनं अडवलं. त्याचं म्हणणं असं: या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला परवानगी नाही. आणि त्याच दमात पुढं, कायमची परवानगी हवी असेल तर 'कंटिन्यू' दाबा.

मी बराच वेळ त्या चौकटीकडे बघत बसलो. माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीचं इतकं नेमकं वर्णन मी कुठंच वाचलं नव्हतं. "हे तुझं नाही," असं ती म्हणते खरं, पण पुढची वाटही तीच दाखवते, आणि ती वाट एका बटणाएवढी असते. परवानगी मागायची कुणाकडे? ज्यानं द्यायची तो भिंतीवर हार घालून बसलेला.

मुंजीच्या फोटोंसाठी बटण दाबलं. त्यात मामींचा हुकूम होता. फोटो मिळाले. सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याच्या टाकीविषयी लिहिलेली एकतीस पत्रं मिळाली. आणि या सगळ्याच्या खाली, इंग्रजी अक्षरांत मराठी नाव दिलेलं एक फोल्डर मिळालं: 'खाजगी'.

तोवर मामींची मुलगी, जावई आणि कॉलेजातला नातू अशी बैठक जमली होती. नातू म्हणाला, "उघड की काका! आजोबांना आता काय फरक पडतोय?" जावयांनी घसा साफ करून सांगितलं, की त्यांना स्वतःला अजिबात उत्सुकता नाही, पण आत फिक्स्ड डिपॉझिटच्या नोंदी असू शकतात. जावयाच्या तोंडी नीतिशास्त्र आलं की ते बहुधा डिपॉझिटच्या दारानं येतं. मुलगी काहीच बोलली नाही. फक्त पडद्याजवळ सरकून बसली.

नातवाचा मुद्दा वाटतो तितका पोरकट नाही. गेलेल्या माणसाला लाज नाही, मग त्याची चोरी कसली? पण मग आपण मृत्युपत्र का पाळतो? गेलेल्याला फ्लॅट कुणाच्या नावावर झाला याचाही फरक पडत नसतो. फ्लॅटच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा आणि 'खाजगी' हा शब्द मात्र त्याच्याबरोबर गेला, असं म्हणायचं असेल तर आपण मान त्याच्या इच्छेला देत नव्हतो, फ्लॅटला देत होतो.

दुसऱ्या बाजूलाही वजनदार साक्षीदार आहे. काफ्का १९२४ साली वारला. माझं लिखाण न वाचता जाळून टाक, असं त्यानं मॅक्स ब्रॉड या मित्राला लिहून ठेवलं होतं. ब्रॉडनं जाळलं नाही. पुढच्याच वर्षी 'द ट्रायल' छापून टाकली आणि जग त्याचं ऋणी झालं. पण प्रत्येक फोल्डर उघडणाऱ्यानं ब्रॉडचा हवाला देण्यात एक अडचण आहे. त्याला समोरचा काफ्का आहे हे आधीपासून ठाऊक होतं. आमच्याकडे पाण्याच्या टाकीवरची एकतीस पत्रं होती.

विचार करता करता मला एक फरक सापडला. शोधायला उघडणं निराळं आणि बघायला उघडणं निराळं. शोधणाऱ्याला काय हवं ते माहीत असतं. ते मिळालं की तो कपाट बंद करतो. बघणाऱ्याचं कधीच पोट भरत नाही. म्हणून मी मामींना एवढंच विचारलं, "मामी, तुम्हाला यातलं काही हवंय का?"

"डिपॉझिटचे कागद माझ्या कपाटात आहेत, सगळे," त्या जावयांकडे न बघता म्हणाल्या. "फोटो मिळाले. आणखी काही नको."

"मग पुसून टाकू?" नातवानं विचारलं.

इथं एक सांगितलं पाहिजे. हार्ड डिस्कवरची फाइल आपण 'डिलीट' करतो तेव्हा ती पुसली जात नाही. यादीतलं तिचं नाव तेवढं जातं. मतदार यादीतून नाव गेलं म्हणून माणूस घरातून जातो का? तो तिथंच असतो, फक्त कुणी विचारायला येत नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फाइल जाणकाराला परत काढता येते. म्हणजे जी डिस्क आपण सभ्यपणे उघडत नाही, तीच चारशे रुपयांत भंगारवाल्याला दिली तर सभ्यपणा कसला! घरच्यांपासून जपलेलं गुपित आपण गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करतो. द्यायचीच असेल तर सगळ्या डिस्कवर नवं काहीतरी लिहून ती खरोखर कोरी करून द्यावी.

हे सारं ऐकून घेतल्यावर मामी म्हणाल्या, "उघडू नकोस आणि पुसूही नकोस. त्यांनी पुसलं नाही, मग आपण कोण? आणि त्याची कॉपीबिपी काढू नकोस हं."

तो निकाल मला वरच्या कोर्टाचा वाटला. फोटोंच्या प्रती दोन ठिकाणी ठेवल्या, कारण इतक्या जुन्या डिस्कच्या भरवशावर एकुलती एक प्रत ठेवणं म्हणजे नव्वदीच्या आजोबांना बँकेच्या रांगेत उभं करणं. एक दिवस आतून टक् टक् असा आवाज येईल आणि खेळ संपेल. 'खाजगी' तेवढं त्या एकाच तबकडीवर राहिलं. तिच्याबरोबर फिरेल, तिच्याबरोबर जाईल. डिस्क आता मामींच्या कपाटात पासबुकांखाली असते. ऐंशी जीबीच्या फुकट साठवणीचं स्वप्न डबीच्या किमतीसकट बुडालं. आमच्या घराण्यात प्रथमच एका डब्यात मोहरी गेली नाही.

त्या रात्री मी माझ्या स्वतःच्या डिस्ककडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. उद्या कुणी भाचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येणारच. त्या बिचाऱ्याला असा पेच पडू नये म्हणून मी एक नवं फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं, 'उघडायला हरकत नाही'. पुढच्या पिढीनं बिनदिक्कत पाहावं असं जे जे आहे ते त्यात टाकायचं ठरवलंय. काम सुरू आहे. तूर्त त्यात विजेची बिलं आहेत.