खोटा ठरलेला इशारा

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. आदल्या दोन दिवसांपासून मुंबई, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतही लोकांना सावध केले जात होते. समुद्रालगतच्या वस्त्यांतील कुटुंबांना सुरक्षित जागी हलविण्यात आले. वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या रुग्णालयातून करोनाचे रुग्ण अन्यत्र नेण्यात आले. प्रत्यक्षात वादळ दक्षिणेकडे, मुरूड-श्रीवर्धनच्या बाजूस उतरले. मुंबईत आणि तिच्या उत्तरेस पाऊस पडला, वारा सुटला, काही झाडे कोसळली आणि संध्याकाळ होण्यापूर्वीच लोक म्हणू लागले, "उगाच घाबरवले!" त्याच घटकेस श्रीवर्धन, मुरूड, दापोली येथे पिढ्यानपिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या आणि घरांवरची कौले व पत्रे उडून गेले होते. इशारा एकच होता. एका ठिकाणी तो खरा ठरला, दुसऱ्या ठिकाणी खोटा. निदान आपण तसे म्हणतो.

या म्हणण्यात दडलेल्या एका नैतिक प्रश्नाकडे आम्ही वाचकबंधुभगिनींचे लक्ष वेधू इच्छितो. सांगितलेले संकट आले नाही, तर ते सांगणारा असत्य बोलला असे होते काय?

संत ऑगस्टीन यांनी असत्य या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. असत्याचे मूळ ते शब्द आणि वस्तुस्थिती यांच्या विसंगतीत शोधत नाहीत, तर बोलणाऱ्याच्या अंतःकरणात, त्याच्या फसविण्याच्या इच्छेत शोधतात. हा निकष लावला तर हवामान खात्याच्या अंदाजकर्त्यावर असत्याचा आरोप टिकत नाही. वादळ किनाऱ्यावर नेमके कोठे चढेल याचा चोवीस तास आधी वर्तविलेला अंदाज आजही पन्नास-पाऊणशे किलोमीटरांनी चुकू शकतो. म्हणून इशारा एका गावापुरता देता येत नाही. तो लांबलचक पट्ट्यास द्यावा लागतो, आणि त्या पट्ट्यातील बहुतेक गावांच्या बाबतीत तो खोटा ठरणार हे देणाऱ्यास ठाऊक असते. नेमके कोणते गाव वाचेल, एवढेच त्यास ठाऊक नसते.

अशा माणसांच्या वाट्याला जे जिणे येते ते चमत्कारिक आहे. वेधशाळेतील शास्त्रज्ञ, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात रात्र जागवणारा कर्मचारी, घरोघर जाऊन "चला, निघा" म्हणणारा तलाठी आणि पोलीस पाटील यांचे काम जितके चांगले होते तितके ते दिसेनासे होते. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले तेव्हा दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्या हाहाकारानंतर त्या राज्याने आपत्तीनिवारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले, किनाऱ्यावर निवारे बांधले. हे निवारे एरवी रिकामे पडून राहत नाहीत, त्यांतल्या अनेकांत शाळा भरते. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलिन' हे तसेच उग्र वादळ गोपाळपूरजवळ आले. त्याआधी दहा लाखांच्या आसपास लोक हलविले गेले होते. मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. १९९९ च्या बातम्या आम्हास आजही आठवतात. २०१३ ची बातमी दोन-चार दिवसांत वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर गेली. मेलेल्यांची मोजदाद करता येते. न मेलेल्यांची यादी कोण छापणार?

जुन्या करारातील योना संदेष्ट्याची व्यथा याच जातीची आहे. आपण योना आणि माशाची कथा बालपणापासून ऐकतो, आणि तिचा उत्तरार्ध बहुधा विसरतो. योनाने निनवे नगरीस सर्वनाशाचा इशारा दिला. नगरीने तो मानला, राजापासून रंकापर्यंत सारे बदलले, आणि म्हणूनच सर्वनाश टळला. योना मात्र संतापला व नगराबाहेर जाऊन बसला. आपला शब्द खोटा पडला हे शल्य त्यास वाचलेल्या लक्षावधी जिवांपेक्षा मोठे वाटले. संदेष्ट्यासही जे पेलले नाही, ते आपण सरकारी नोकराने मुकाट्याने पेलावे अशी अपेक्षा करतो. शिवाय योनाला निनवेकरांनी खोटारडा म्हटल्याची नोंद नाही. आपण मात्र म्हणतो!

टोमण्यांच्या भीतीने इशारा देणारा कचरू लागला म्हणजे काय होते? इटलीतील लाक्विला या शहराची हकिकत येथे विचारात घेण्यासारखी आहे. २००९ च्या आरंभी तेथे काही महिने भूकंपाचे लहान लहान धक्के बसत होते. लोक भयभीत झाले होते. ३१ मार्च रोजी तज्ज्ञांची सरकारी समिती तेथे भरली. त्याच सुमारास नागरी संरक्षण विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने दूरदर्शन-वार्ताहरास सांगितले की धोका नाही, लहान धक्क्यांनी जमिनीतील ऊर्जा मोकळी होत आहे; मग आता निवांत बसून द्राक्षासव घ्यावे काय, या प्रश्नासही त्यांनी हसून होकार दिला. त्या भागात जुनी रीत होती: धक्का जाणवला की घराबाहेर पडावे आणि रात्र उघड्यावर काढावी. ५ एप्रिलच्या रात्री धक्के जाणवले. दिलासा मिळालेली कित्येक कुटुंबे घरातच राहिली. पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी मोठा भूकंप झाला आणि ३०९ माणसे दगावली. सहा शास्त्रज्ञ व तो अधिकारी यांना २०१२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने शास्त्रज्ञांना निर्दोष सोडले व अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आणली. भूकंपाचे भाकीत केले नाही म्हणून शास्त्रज्ञांना शिक्षा झाली, असा गवगवा तेव्हा जगभर झाला. तो चुकीचा होता. आरोप भाकीत न करण्याचा नव्हता, पोकळ दिलाशाचा होता. खोटा ठरलेला इशारा माणसाची एक रात्र घेतो. खोटा ठरलेला दिलासा किती घेतो हे लाक्विलाच्या दफनभूमीत दिसते.

याचा अर्थ वाटेल त्याने वाटेल तेव्हा आरोळी ठोकावी असा नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. त्यानंतर दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत लाट येत असल्याची अफवा पसरली. चिंचोळ्या गल्ल्यांतून लोक सैरावैरा धावले, आणि त्या चेंगराचेंगरीत डझनाहून अधिक माणसे, त्यांत मुलेही, प्राणास मुकली. तेथे पाणी आलेच नाही. अफवा आणि इशारा यांत भेद आहे तो हाच की इशारा देणारा आपले नाव, आपला आधार आणि आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगतो, व कोठे जावे तेही सांगतो. अफवेला धनी नसतो.

इशारा वेळेवर पोहोचणे हाही त्याच्या सत्याचा भाग आहे असे आम्ही मानतो. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी 'ओखी' वादळाने कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरम येथील मच्छीमारांना भर समुद्रात गाठले. त्या किनाऱ्यावरील गावे बहुतांशी आपल्याच श्रद्धेची. होड्या आधीच गेलेल्या होत्या, वादळ झपाट्याने बळावले, आणि दूरच्या पाण्यात निरोप पोहोचविण्याचे साधन बहुतेकांपाशी नव्हते. शेकडो माणसे परतली नाहीत. भरकटलेल्या होड्यांपैकी काही थेट आपल्या सिंधुदुर्गात देवगडच्या आसऱ्यास लागल्या. त्यांत नऊशेहून अधिक मच्छीमार होते. पुढे राज्य शासन आणि हवामान खाते यांच्यात वाद रंगला तो इशारा कधी दिला यावर. कागदावर दिलेल्या वेळेचा तो वाद होता. नाखव्याच्या कानावर तो कधी पडला, हा प्रश्न त्यात फारसा कोणी विचारला नाही.

आता ऐकणाऱ्याकडे वळू. त्याने ऐकावे, हे म्हणणे सोपे आहे. आम्हीही व्यासपीठावरून ते सहज म्हणून जाऊ. परंतु ऐकण्याची किंमत सर्वांस सारखी पडत नाही. पगारदार माणसास वादळाचा दिवस म्हणजे एक सुट्टी. मे महिन्यात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की नाखव्याची होडी शाकारते, भरलेला बर्फ वितळतो, खलाशांच्या पोटाची सोय मात्र करावीच लागते, आणि अंगणात सुकत घातलेले बोंबील भिजतात. रोजंदारीवरच्या बाईचा दिवस जातो. शिवाय शाळेच्या फरशीवर रात्र काढताना मागे राहिलेल्या शेळीचा आणि कुलूप नसलेल्या घराचा घोर असतो. वादळ आले तर पडलेल्या घराचा, फुटलेल्या होडीचा पंचनामा होतो. वादळ आले नाही तर बुडालेल्या दिवसाचा पंचनामा सहसा कोणी करीत नाही. म्हणजे सावधगिरी साऱ्या समाजाची, आणि तिचे मोल मात्र ज्याला सर्वांत कमी परवडते त्याने एकट्याने मोजावयाचे. तिसऱ्या वेळी तो जागचा हलला नाही, तर त्यास अडाणी म्हणण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?

भरपाई देऊ लागलो तर लोक इशाऱ्यांची वाटच पाहत बसतील, असे काही सुज्ञ म्हणतात. आम्हास ही भीती अवास्तव वाटते. मुलेबाळे घेऊन अनोळखी माणसांत रात्र काढण्याची हौस कोणालाच नसते. केरळ शासनाने २०२१ साली ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील इशाऱ्यांमुळे समुद्रावर जाऊ न शकलेल्या मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी ३,००० रुपये देण्याचे ठरविले. 'ओखी'ला तेव्हा चार वर्षे झाली होती. रक्कम थोडीच आहे. मोठ्या होडीच्या एका फेरीचे डिझेलही तेवढ्यात येत नाही. तरी न आलेल्या वादळाने खाल्लेला दिवस त्या राज्याने आपल्या हिशेबवहीत स्वतःच्या नावे मांडला.