हे वर्ष कोणाचं?

एमआरआयची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली की घरातला प्रत्येकजण मणक्याचा डॉक्टर होतो. 'एल फोर-एल फाइव्हला गॅप आहे,' असं मेहुणा सांगतो. 'मणक्याला हात लावू देऊ नकोस, अंथरुणाला खिळशील,' असं आत्या बजावते. दोघांचाही त्या फिल्मवर भलताच विश्वास. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिकांच्या मणक्यांमधल्या एखाद्या तरी चकतीला फुगवटा निघाला. म्हणून डॉक्टर उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलतात आणि कळ गुडघ्याखाली कुठवर जाते ते विचारतात. त्या उत्तराशी जुळली तरच फिल्म कामाची.

चकतीतून बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच हळूहळू जिरवतं. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या (नस दाबली जाऊन पायात उतरणाऱ्या कळेच्या) २८३ रुग्णांपैकी काहींची लवकर शस्त्रक्रिया केली, काहींना थांबवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे टेबलावर जावंच लागलं, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले जवळपास ९५ टक्के लोक बरे होते. लवकर कापलेल्यांचा ठणका मात्र लवकर थांबला. २००७ च्या या निष्कर्षाचा अर्थ 'थांबलं तरी चालतं' असा लावला जातो. पण ते मधलं वर्ष कोणाचं? पेन्शनर ते सोफ्यावर काढील. डाव्या पायाने दिवसभर क्लच दाबणाऱ्या एसटी चालकाने, पहाटे पाट्या उचलणाऱ्या भाजीवालीने ते कुठून काढायचं? 'धीर धरा' म्हणणाऱ्याची रजा सहसा बिनपगारी नसते.

थांबण्यालाही मुदत असते. चार ते बारा महिने दुखणं अंगावर काढलेल्या १२८ जणांचा कॅनडातला अभ्यास २०२० मध्ये आला. सहा महिन्यांनी पायाची वेदना दहापैकी शस्त्रक्रियेच्या गटात २.८, शस्त्रक्रियेविना उपचार घेणाऱ्या गटात ५.२. पट्टा, शेक, इंजेक्शन आणि 'अजून एक महिना बघू' हे चक्र वर्षभर फिरवण्याला मी सावधपणा म्हणणार नाही. (लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर महिना कसला, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.)

एक गोष्ट सर्जनला आधीच विचारून घ्यावी. नस मोकळी केली की पायाची कळ जाते. कंबरेची जाईलच असं नाही. त्रास कशाचा जास्त, कंबरेचा की पायाचा, हे रुग्णाने स्वतःशी नीट ठरवलेलं नसेल, तर उत्तम झालेलं ऑपरेशनही त्याला फसल्यासारखं वाटतं.