रस, मद आणि अप्रमाद

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोपी घातलेला एक परदेशी पुरुष हातात पेला धरून बसलेला दिसतो आणि जवळच सेविका सुरई घेऊन उभी असते. मात्र इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरलेल्या या विहारात राहणाऱ्या भिक्षूंना मद्य पूर्णतः वर्ज्य होते. म्हणून बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांनी, मद्यातले नेमके काय नाकारले, हा प्रश्न या छताखाली विशेष जिवंत होतो.

बौद्धांच्या पंचशीलातील पाचवे शील मद्याचा निषेध करते ते प्रमादाचे, म्हणजे सावधपण सुटण्याचे, कारण म्हणून. विनयातील नियमाच्या मुळाशी सागत स्थविरांची कथा आहे. उग्र नागाला नमवणारे हे भिक्षू कौशांबीत घरोघरी उपासकांनी दिलेले मद्य पिऊन नगरद्वारापाशी कोसळले; विहारात आणून त्यांचे डोके बुद्धांकडे करून निजवले, तर कूस पालटून त्यांनी बुद्धांकडेच पाय केले. नागाला जिंकणारा हा आता पाणसापाला तरी जिंकू शकेल काय, असे बुद्धांनी संघाला विचारले. त्यातून आलेला नियम अत्यंत कठोर आहे: कुशाच्या टोकाइतके मद्य प्यायले तरी दोष, आणि ते मद्य नव्हे अशा समजुतीने प्यायले तरीही दोष. परंतु त्याच विनयात द्राक्षरसाला अनुमती आहे, रश्शात वा मांसात शिजलेल्या मद्याला दोष नाही, आणि मद्याचा रंग, गंध व चव असूनही जे मद्य नाही, ते पिण्यासही दोष नाही. याचा अर्थ निषेध चवीचा नाही.

मग चवीसाठीच घेतलेल्या मद्याचे काय, हे पाहण्यासाठी जर्मनीच्या मोझेल आणि ऱ्हाईन खोऱ्यांतील कोरडी रीसलिंग ही पांढरी वाइन कसोटीला लावता येते. किण्वनात यीस्ट द्राक्षातील साखरेचे अल्कोहोल बनवते; साखर जवळजवळ संपली की वाइन कोरडी होते, आणि तिथे ‘ट्रोकन’ म्हणवणाऱ्या वाइनमध्ये लिटरमागे फार तर ९ ग्रॅम साखर चालते. तिची तीक्ष्ण आम्लता नदीतील मासे, डुकराचे मांस किंवा लोण्यातले शतावरीचे कोंब यांचा स्निग्धपणा कापते. छत्रपती संभाजीनगरच्या झणझणीत नान-खलियाशी मात्र तिचे जमणे अवघड, कारण अल्कोहोल मिरचीची आग वाढवते. घासागणिक घोट घेत जुळणी पारखणारा रसिक अधिक सावध होतो, असा तिच्या बाजूने युक्तिवाद करता येतो, आणि तो आदराने ऐकण्याजोगा आहे. तरीही ज्या जाणिवेने पारख करायची, तीच मद्य बोथट करते; व्यावसायिक परीक्षक घोट थुंकून टाकतात, हीच विनयाच्या बाजूची सर्वांत भक्कम साक्ष होय.

मराठवाड्यात हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये छत्रपती संभाजीनगरातच मिलिंद महाविद्यालय उभारले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यत्यागाची प्रतिज्ञा घातली. ती गृहस्थांसाठी होती, आणि घरादाराची उमेद दारूत बुडताना पाहिलेल्या समाजाला तिचा अर्थ सांगावा लागला नाही.

आज जर्मनीत अल्कोहोल काढून टाकलेली रीसलिंगही मिळते. रंग, गंध, चव यांपुरती ती विनयाला मान्य व्हावी. पण तिच्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल उरू शकते, आणि कुशाच्या टोकाचा नियम तेवढ्यालाही लागू होतो.