काचेआडचा भाद्रपद

काचेच्या टँकमध्ये पाणवनस्पतींचा देखावा रचणाऱ्यांची हौस मला मनापासून आवडते. पण मुंबईतल्या अशा टँकमधलं पाणी बरंचसं शहापूर तालुक्यातून येतं, हे त्यांच्या बोलण्यात क्वचितच निघतं. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं तिथलीच. भातसेचं पाणी नदीतूनच पिसे बंधाऱ्यापर्यंत वाहतं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि नळाला येतं. बादलीत भरून त्यातलं क्लोरीन घालवलं की ते टँकमध्ये पडतं.

देखावा रचण्याची ही कला जगभर पोचवली जपानच्या ताकाशी अमानो यांनी. २०१५ साली लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी ४० मीटर लांबीचं पाण्याखालचं रान उभं केलं. त्याच वर्षी ते गेले. ते निसर्गाचे छायाचित्रकारही होते. ॲमेझॉनची, बोर्निओची वर्षावनं त्यांनी डोळे भरून पाहिली होती. आपण मात्र त्यांच्या टँकची छायाचित्रं पाहून दगड मांडतो.

त्यापेक्षा पावसाळा सरताना मुरबाडच्या बाजूने, माळशेजच्या पायथ्याच्या ओढ्यात उतरून पाहावं. मोठ्या काळ्या दगडाच्या आडोशाला प्रवाह मंदावतो, बारीक रेती साठते आणि रोप तिथेच मूळ धरतं. दगड कसे बसवावेत याचा याहून चांगला धडा नाही. टँकवाल्यांच्या लाडक्या क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतीच्या काही जाती तर सह्याद्रीच्या नदीपात्रांतल्याच. पुरात त्या बुडून राहतात आणि पाणी ओसरल्यावर फुलतात.

टँकमधलं पाणी कधी ओसरत नाही. तिथे बारा महिने भाद्रपद. मोजून आठ तास दिवा, सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड, खताचे थेंब, दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. दिवा किंवा खत जरा जास्त झालं की शेवाळ. एवढी राखण करून आपण वैशाख काचेबाहेर ठेवतो. त्याच वैशाखात, धरणं उशाशी असताना, शहापूरच्या पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत असतात. हे ध्यानात न घेता रचलेला देखावा कितीही सुंदर असो, मला तो अर्धाच वाटतो.

म्हणून टँकमधून काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असतं, कुंड्यांना घाला. छाटलेल्या काड्या उन्हात वाळवूनच टाका. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणूनच जगभर गेली, आणि आज भातसा-काळूचं पाणी पोटात घेणाऱ्या उल्हास नदीवर ती पसरते. टँकमधली एकही हिरवी काडी ओढ्यात सोडू नका.