चित्रातील कूर्म आणि वाळूतील कूर्म

घरात देवाचे चित्र असणे ही आपल्याकडे इतकी नित्याची गोष्ट आहे, की त्या चित्राने आपल्यावर काही कर्तव्य ठेवले आहे काय, हा विचार सहसा मनात येत नाही. तोच प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

पेडणे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होता. म्हणून तेथील चिताऱ्यांची कला आपणांस परकी नव्हे. तिच्यातील अत्यंत घरगुती वस्तू म्हणजे दशावतारी गंजिफा. चिंचोक्याची खळ व लाख वापरून सिद्ध केलेली ही 120 गोल पाने. दहा अवतारांची प्रत्येकी बारा. राजाच्या पानावर साक्षात् अवतार, त्याखालोखाल प्रधान, आणि उरलेल्या दहांवर एकापासून दहापर्यंत त्या अवताराची खूण. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे. लुप्त होऊ लागलेल्या या कलेला 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात पुन्हा आश्रय दिला.

देव खेळात आणणे हा अनादर नव्हे काय, असे कोणी विचारील. आम्हांस तसे वाटत नाही. देवघरातील मूर्तीला सोवळे आहे. हे पान मात्र लहानथोरांच्या हातांतून फिरते. चिताऱ्याने अवतार देवघराबाहेर, रोजच्या व्यवहारात आणून ठेवला. तेव्हा व्यवहारात तो आपणांस काय सांगतो, हे पाहणे ओघानेच आले.

कूर्माचेच उदाहरण घेऊ. समुद्रमंथनाच्या वेळी मंदर पर्वत बुडू लागला, तेव्हा कूर्माने तो पाठीवर तोलून धरला. अमृतासाठी देवदानव झगडले. कूर्माने स्वतःसाठी काही मागितले नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे, तीही अवयव आवरून घेण्याच्या त्याच्या गुणावरून. कित्येक देवळांत देवासमोर दगडी कासव असते, त्याचा बोधही हाच: आत येणाऱ्याने आधी स्वतःला आवरावे. कूर्म म्हणजे संयम.

आता आपल्या मोरजीच्या तेमवाड्याचा किनारा पाहावा. थंडीच्या दिवसांत रात्री येथे सागरी कासवाची मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि ती झाकून समुद्रात परतते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात व उजेडाच्या रोखाने चालू लागतात. पूर्वी रात्रीचा उजेड म्हणजे समुद्रावरची आभाळाची फिकट झळाळी; आज किनाऱ्यावरील दिव्यांनी ती फसतात आणि उलट दिशेला जाऊन मरतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये या कासवांना संरक्षण आहे. वनखाते व गावचे काही लोक घरट्यांवर पहाराही ठेवतात. परंतु कायद्याचा पहारा सर्वत्र पुरत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. मत्स्य हा तर पहिलाच अवतार, मग आपण मासे कसे खातो? आमचे उत्तर असे की, अवतार झाला म्हणून त्या जातीचा प्रत्येक जीव देव ठरत नाही. परंतु त्याच्याशी वागण्याची रीत मात्र ठरते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याखेरीज होडी लोटू नये, श्रावणात मासळी वर्ज्य करावी, हे आपल्या वाडवडिलांनी पाळले. आज सरकारही जून व जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद ठेवते. घ्यावे, पण जीवाला वाढू द्यावे, ही ती मर्यादा. कासवाच्या बाबतीत ती मोडणे अधिकच लज्जास्पद. कारण तेथे पोटाचा प्रश्न नाही, केवळ आपल्या सोयीचा आहे.

ज्यांची घरे, दुकाने वा भाड्याच्या खोल्या किनाऱ्यालगत आहेत, त्यांना रोजगार सोडा असे आम्ही म्हणत नाही. हंगामात समुद्राकडील दिवे मालवावेत, वाळूवर गाडी नेऊ नये, अंड्यांना हात लावू नये, आणि पाहुण्यांनाही हे सांगावे. मागणे एवढेच आहे. चित्रातील कूर्माला हात जोडणाऱ्या घराला हे जड वाटू नये. जड वाटत असेल, तर आपण रंगालाच नमस्कार करीत आलो, असे म्हणावे लागेल.